बसच्या खिडक्यांची खोली

लाहौलातल्या बरथंगच्या यांगझोमला हळू बोलता येत नसे. तिने शेतातून हाक मारली, की भागा नदीच्या पलीकडची मेंढरंसुद्धा मान वर करून बघत. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू, आमा बुटित, पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आवाज एवढा, तर हाताला बळ किती असेल!" म्हातारीचा अंदाज चुकला नाही. बटाट्याची पोती ट्रकवर चढवताना यांगझोम एका टोकाला असली, की दुसऱ्या टोकाला दोन पुरुष लागत. तिचा नवरा आंगरूप रस्त्याच्या कामावर जायचा. गडी मोजकं बोलणारा. "आमच्या दोघांचं ती बोलते," असं तो म्हणायचा आणि खुशाल चहा पीत बसायचा.

रोहतांगखालून बोगदा व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा बटाटे काढून झाले, की बरथंग रिकामं व्हायचं. खिंड बंद व्हायच्या आत जो तो पोराबाळांसकट, गाठोड्यांसकट खाली कुल्लूला उतरायचा. ज्यांच्या तिथे सफरचंदाच्या बागा होत्या, घरं होती, ते ऐटीत जायचे. ज्यांचं कोणी नव्हतं ते कुणाच्या तरी ओसरीला जायचे. गावात मागे राहायची ती चार हट्टी म्हातारी माणसं. ती गोठ्यावरच्या खोलीत चुलीला चिकटून हिवाळा काढायची, आणि जाणाऱ्यांनी विनवून सांगितलं असेल त्यांच्या धाब्यावरचा बर्फ लोटायची.

आंगरूप-यांगझोम दरवर्षी थोरल्या भावाकडे उतरायचे. भावाचं नाव तंडुप, वहिनीचं देचेन; यांगझोम त्यांना आचो आणि आचे म्हणायची, म्हणजे दादा आणि ताई. गावातलं वडिलोपार्जित मोठं घर रीतीप्रमाणे थोरल्याकडे गेलेलं, आणि त्यालाच लागून असलेलं छोटं घर धाकट्याकडे. मधली भिंत एकच. खाली कुल्लूत देचेनची बाग होती, दुमजली घर होतं, आणि घरामागे एक खोली होती. तिथे एरवी फळांच्या पेट्या ठेवत. हिवाळ्यात पेट्या बाहेर आणि यांगझोमचा संसार आत. त्या खोलीला ऊन कसं ते ठाऊकच नव्हतं.

देचेन काही वाईट बाई नव्हती. पण देणाऱ्याचा हात वर असतो, हे ती क्षणभरही विसरत नसे. पाहुणे आले की म्हणायची, "ही आमची वरची माणसं. बर्फातून उचलून आणतो दरवर्षी." यांगझोम ते गिळायची. तिचा मोठा आवाज कुल्लूत चार महिने मिटून ठेवलेला असायचा, ट्रंकेत ठेवलेल्या लग्नातल्या कपड्यांसारखा.

त्या वर्षी आमाला खोकल्याने धरलं. रात्रंदिवस खोकला. एका सकाळी देचेन चुलीपाशी येऊन म्हणाली, "आमा, माझ्या माहेरची माणसं आलीत. तुझ्या खोकल्याने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसभर तरी त्या बसमध्ये बसत जा ना. तिथे हवं तेवढं खोक."

ही बस म्हणजे तंडुपचं एक फसलेलं स्वप्न. मनालीच्या रस्त्यावर चालवायची म्हणून त्याने जुनी बस घेतली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचं इंजिन बसलं. चाकं विकून झाली. उरलेला सांगाडा अंगणात विटांवर उभा होता आणि त्यात कोंबड्या राहत होत्या.

यांगझोमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आचे, म्हातारीला कोंबड्यांत बसवतेस?"

पण आमाच ताडकन उठली. "बसते. कोंबड्या निदान खोकल्याचा हिशेब ठेवत नाहीत." आणि शाल गुंडाळून, काठी टेकत ती बसमध्ये चढली.

दुपारी यांगझोम तिच्यासाठी थुक्प्याच्या सुपाचा वाडगा घेऊन गेली आणि पायरीवरच थबकली. आत ऊब होती. साधीसुधी नव्हे, चुलीजवळ असते तशी. तिन्ही बाजूंच्या काचांमधून ऊन आत आलं होतं आणि आत आल्यावर बाहेर जायची वाटच विसरलं होतं. आमाने शाल काढून ठेवली होती, डोक्याचा रुमालही सोडला होता. एक कोंबडी तिच्या पायाशी पाय पसरून पडली होती.

"सकाळपासून चारदाच खोकले," आमा म्हणाली. "ये, बस. ऊन आहे, आणि तिकीटही नाही."

तो सगळा हिवाळा सासू-सून आणि यांगझोमची लहानगी पोर छिमे दिवस उगवला की बसमध्ये जाऊन बसत. यांगझोम मोजे विणायची आणि बघायची. ढग आला की ऊब किती वेळ टिकते. मागच्या बाजूला तंडुपने इंजिनाचे काळे पत्रे रचून ठेवले होते, ते दिवस मावळल्यावरही हाताला कसे कोमट लागतात. आणि अंधार पडला, की ही सगळी ऊब त्याच काचांमधून कशी भसाभसा निघून जाते. फुटक्या खिडकीत कोणीतरी पोतं कोंबलं होतं. तेवढ्या जागेत मात्र दहिवर धरत नसे. कोंबड्या भर माघात अंडी देत होत्या. देचेन त्याचं श्रेय खाद्याला देत होती.

वसंतात गाठोडी बांधताना यांगझोम देचेनपुढे उभी राहिली. "आचे, त्या बसच्या खिडक्या मला दे."

"खिडक्या? कशाला? बर्फ बघायला?"

"बर्फ बाहेर ठेवायला."

देचेन खो खो हसली. "अगं, एवढ्याशा घराला एवढ्या काचा! उंदराला चष्मा!" मग तिची नजर यांगझोमच्या हातातल्या मोज्यांवर गेली. तसली नक्षी लाहौलात फारच थोड्या हातांत उरली होती. "बरं, ने. पण फुकट नाही. एका खिडकीला एक जोडी मोजे."

"विणलेलेच आहेत," यांगझोम म्हणाली आणि ट्रंक उघडली. हिवाळाभर ती उगीच विणत नव्हती.

खिंड उघडली तशी बियाण्याच्या ट्रकवर, पेंढ्यात गुंडाळून, खिडक्या निघाल्या. पुढची मोठी काच आंगरूपने मांडीवर धरली होती, पोरीला धरावं तशी. वळणावळणावर ट्रक हिसके द्यायचा आणि तो डोळे मिटायचा. एक छोटी काच खिंडीखालच्या मढीजवळ फुटली. बाकीच्या धडधाकट पोचल्या.

गावात मेमे शेरब, म्हणजे शेरब आजोबा, रस्त्याच्या कडेला बसून माळ ओढत होता. हिवाळ्यात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा हा म्होरक्या, जीभ सुरीसारखी. ट्रकमधून खिडक्या उतरताना बघून त्याने माळ थांबवली. "बस आणलीस वाटतं? बाकीची कुठंय?"

"बाकीचा खटारा गावातच आहे, मेमे. खिडक्याच तेवढ्या कमी होत्या."

"मग कंडक्टर, गाडी सुटणार कधी?"

तेव्हापासून यांगझोमचं नाव कंडक्टर पडलं ते पडलंच.

तो उन्हाळा तिने वाटाणा आणि भिंती यांत वाटून घेतला. पहाटे पाणी धरायची, दिवसा शेत, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत घर. वरच्या मजल्यावरच्या खोलीपुढे, दक्षिणेला, गोठ्याचं धाबं मोकळं होतं. तिथे आंगरूपने सफेद्याच्या, म्हणजे पॉपलरच्या, वाशांची चौकट उभी केली आणि खिडक्या एकीवर एक बसवल्या. पुढची मोठी काच मधोमध. आतली भिंत यांगझोमने चुलीच्या काजळीत सरस कालवून काळी कुळकुळीत केली. मग खोलीचं आढं खाली घेतलं. जुन्या तुळयांखाली नव्या बारीक तुळया, त्यांवर वाळुंजीच्या फांद्यांची किलचण, त्यावर भूर्जपत्रं, त्यावर भुसा आणि मग मातीचा गिलावा.

"डोकं आपटेल की," आंगरूप म्हणाला.

"आपटू दे. डोकं वाकवून आत आलास, तर ऊब तरी आत राहील."

आमा दिवसभर लोकरीच्या चिंध्या चिखलात बुडवून भिंतीच्या भेगांत कोंबत बसायची. एकही भेग तिच्या बोटातून सुटली नाही. गाव येता-जाता बघायचं आणि दात काढायचं. कुणी विचारायचं, "पुढची सीट खिडकीची मिळेल का?" कुणी म्हणायचं, "हॉर्न बसवा, म्हणजे याक बाजूला होतील." यांगझोम वरून उलट ओरडायची, "सुट्टे पैसे घेऊन या! उधारीवर कोणाला बसवत नाही!"

पण पहिली थंडी पडली, आणि तिचं तोंड उतरलं. दिवसा खोली उबदार, आणि सकाळी बघावं तर काचांना आतून बर्फाची फुलं. चौकटीच्या कडेचा चिखल वाळून तडकला होता आणि फटींतून वारा शिट्या घालत होता. भांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ. मेमे शेरबने काचेला नाक लावून आत पाहिलं. "वा! मला वाटलं बस आहे. ही तर बर्फाची पेटी."

त्या दिवशी यांगझोम जेवली नाही. काळ्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली. अख्खा उन्हाळा, हिवाळाभराचं विणकाम, गावभरचं हसू. आंगरूप शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "पाहुणा दिवसा येतो आणि रात्री पळतो. म्हणजे दार लावायचं राहिलंय."

त्या फुटक्या खिडकीत कोंबलेलं पोतं तिला आठवलं. दुसऱ्या दिवशी तिने घरातलं होतं नव्हतं ते घोंगडं, जुने नमदे, फाटके लोकरीचे अंगरखे बाहेर काढले. सासू-सुनेने ते एकावर एक शिवून, मधे लोकरीचा कचरा भरून, जाडजूड पडदे केले. दिवस डोंगराआड गेला की ते काचांवर सोडायचे. ऊन आलं की गुंडाळून वर. फटींतला तडकलेला चिखल खरवडून काढला आणि लोकर, शेण नि जवसाचं तेल मळून त्या बुजवल्या. पुढच्या सकाळी यांगझोमने पडदा वर केला. भांड्यातलं पाणी हललं. तिने त्यात बोट बुडवलं, मग आख्खा हात बुडवला, आणि अशी आरोळी ठोकली की मेमे शेरब कमरेचा सुटलेला शेला सावरत बाहेर धावला.

"काय जळलं?"

"काही नाही जळलं, मेमे! गोठलं नाही!"

शेवटची गाडी आली, तेव्हा तंडुप स्वतः घ्यायला आला होता. खिंडीवर ढग उतरले होते. "चला, चढा. ड्रायव्हर थांबणार नाही."

गाठोडी बांधलेलीच नव्हती. आंगरूपने छिमेला उचललं, एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "पोर लहान आहे," तो हळूच म्हणाला. "औषध लागलं, काही झालं, तर…"

यांगझोमलाही तीच भीती होती. तिने आमाकडे पाहिलं. आमा पायरीवर बसून बटाटा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बसमध्ये बसलेय. मला उतरवायचं असेल तर पोलीस आणा."

"यंदा नाही, आचो," यांगझोम तंडुपला म्हणाली. "आचेला सांग, खोलीत पेट्या ठेव म्हणावं."

गाडी धूळ उडवत वळणाआड गेली. तो आवाज थांबला, आणि दरी इतकी शांत झाली की यांगझोमला आपणच आपल्या घरात कोंडून घेतल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी तिने पडदे सोडले, चूल पेटवली आणि कुणाला दिसू नये म्हणून कांदा नसतानाही कांदा चिरल्यासारखे डोळे पुसले.

पण खोलीने दगा दिला नाही. बाहेर नदी गोठली, वाटा बुजल्या, आणि आत छिमे अनवाणी दुडदुडत होती. लाकूड तर इतकं कमी लागत होतं, की ऐकून मागच्या पिढ्यांना हसू आलं असतं. आमाचा खोकला येई तो फक्त कुणाला तरी हाक मारायची असली म्हणजे. कुल्लूहून आणलेल्या दोन कोंबड्या कोपऱ्यात अंडी घालत होत्या. पहिलं अंडं यांगझोमने मेमे शेरबकडे नेलं. म्हाताऱ्याने ते उन्हाकडे धरून पाहिलं, दाढीला लावून पाहिलं. "जन्मात माघ महिन्यात बरथंगचं अंडं पाहिलं नव्हतं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पुढे काही टोमणा आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी येऊन बसू लागला. मग त्याची बहीण आली, चरखा घेऊन. मग खालच्या आळीतले नवरा-बायको. मागे राहिलेलं सगळं गाव दुपारी त्या खोलीत असायचं. लोकर कातायची, चहात सातूचं पीठ कालवून खायचं, छंगचा, म्हणजे जवाच्या दारूचा, पेला फिरायचा. जागा उरली नाही की यांगझोम ओरडायची, "पुढे सरका, पुढे! मागे उभ्यांनी दांडा धरा!" आणि म्हाताऱ्या माणसांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

मग तो मोठा बर्फ आला. आभाळ फाटल्यासारखा पडत राहिला. सगळ्यांनी आपापली धाबी लोटली, परत चढून पुन्हा लोटली. वारा असा विचित्र होता, की गल्लीतला सगळा बर्फ उचलून देचेनच्या मोठ्या घराच्या धाब्यावर नेऊन टाकत होता. बर्फ थांबला त्या सकाळी यांगझोम आपल्या छतावर लाकडी फावडं मारत होती, तेव्हा मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला. लाकूड कण्हत होतं. पुन्हा आला. तिने फावडं खाली टाकलं.

"मेमे! सगळे वर या! देचेनचं छत बसतंय!"

मेमे शेरब शिडीवरून डोकं काढून म्हणाला, "बसू दे की. कुलपाची किल्ली घेऊन ती कुल्लूत बसलीय. तुझ्या सासूला कोंबड्यांत बसवलं तिने. तिच्या छतासाठी माझे गुडघे मोडू?"

"भिंत एक आहे, मेमे! तिचं छत पडलं, तर ते माझ्याच घरी मुक्कामाला येईल. आणि मग तुम्ही दुपारी बसणार कुठे?"

म्हाताऱ्याने टोपी कानांवर ओढली. मग म्हणाला, "हे आधी सांगायचंस," आणि वर चढला.

मागोमाग सगळे चढले. कमरेएवढा बर्फ. आंगरूप कडेने कापत पुढे सरकला, कारण मधोमध भार पडू द्यायचा नव्हता. बाकीचे त्याच्या मागे रांगेत, एकाने कापायचं, दुसऱ्याने ढकलायचं, तिसऱ्याने खाली लोटायचं. यांगझोमचा आवाज आता ट्रंकेतून बाहेर आला होता. "हं, मार! ढकल! मेमे, उभं राहायला वर आलात का? मार!" तिच्या तालावर ती म्हातारी हाडं अशी हलत होती, की आमा खालून ओरडली, "अरे, लग्नात एवढे नाचला नाहीत!"

पण खालचं कण्हणं थांबेना. "आतून टेकू द्यायला हवा," आंगरूप म्हणाला. यांगझोमने खाली उडी टाकली ती थेट बर्फाच्या ढिगात, गळ्याइतकी रुतली, हातापायांनी पोहत बाहेर आली आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने देचेनचं कुलूप फोडलं. आत मधली तुळई तडकून खाली वाकली होती. वरून माती गळत होती. गोठ्यासाठी राखून ठेवलेला सफेद्याचा सोट तिने आणि आंगरूपने आत ओढत नेला, तिरका लावला, आणि खालून पाचरी ठोकत ठोकत उभा केला. शेवटची पाचर बसली तसं लाकडाने एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झालं. वर फावडी चालूच होती. आंगरूप भिंतीला टेकून खाली बसला. यांगझोमने वर पाहून ओरडून सांगितलं, "टेकलं! आता हवं तेवढं नाचा!"

बाहेर येऊन पाहतात तो वरून लोटलेला सगळा बर्फ घसरून काचेच्या खोलीपुढे येऊन पडला होता. काचा गडप. आत आमा आणि छिमे अंधारात. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. सगळे तसेच घामेजलेले तिकडे वळले. फावड्याचं पातं काचेला लागेल म्हणून शेवटचा थर त्यांनी हातांनी उकरला, भांड्याकुंड्यांनी उपसला. आधी पुढची मोठी काच मोकळी झाली. ऊन त्याच वेळी कड्यावरून खाली आलं आणि आतून आमाचा चेहरा काचेवर उगवला, शेजारी छिमेचे दोन्ही पंजे. काचेला एक तडा गेला होता, एवढंच. मेमे शेरब बर्फात फतकल मारून बसला, टोपी काढून हवेत फेकली आणि ओरडला, "काढ गाडी, कंडक्टर!"

खिंड उघडली तेव्हा देचेन आली. दाराला कुलूप नाही हे पाहून तिने अंगणातच तोंड सोडलं. "चोर! शेजारी असून लक्ष नाही! नवं कुलूप होतं माझं!" मग आत गेली, आणि आवाज बंद झाला. बऱ्याच वेळाने बाहेर आली. सोटावरून हात फिरवला असावा, तळव्याला साल लागली होती.

"तो सोट कुणी लावला?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी," यांगझोम म्हणाली. "आत ये, आचे. चहा झालाय."

देचेन डोकं वाकवून त्या खोलीत शिरली. काळ्या भिंतीपाशी बसली. चहाचा एक पेला झाला, दुसरा झाला. तिने शाल काढली. रुमाल सोडला. बोलता बोलता तिचे डोळे जड झाले आणि ती तिथेच, आमाच्या मांडीशी, गाढ झोपून गेली. आमाने ओठांवर बोट ठेवलं. "कुणी खोकू नका," ती कुजबुजली. "हिच्या डोळ्याला डोळा लागलाय."

संध्याकाळी उठल्यावर देचेन काचांकडे बघत राहिली. "माझ्याच बसच्या," ती म्हणाली. मग, थोड्या वेळाने, "माझ्या घराला अशी खोली करायला किती दिवस लागतील?"

"तू स्वतः चिखल मळलास तर कमी लागतील," यांगझोम म्हणाली. देचेनने बाह्या वर केल्या.

पुढच्या हिवाळ्यात बरथंगात आणखी काही चुली पेटत्या राहिल्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. कुठे बसच्या काचा, कुठे जुन्या जीपच्या, कुठे नुसतंच ताणून बसवलेलं प्लॅस्टिक; पण काळी भिंत, खाली घेतलेलं आढं आणि जाड पडदे मात्र सगळीकडे सारखे. यांगझोमला शेजारच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. ती जायची, भिंतीवर हात फिरवून फटी शोधायची आणि घरमालकाला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात फैलावर घ्यायची.

आणि एका माघात, कुणाच्या आठवणीत नव्हतं असं घडलं. बरथंगात भर बर्फात लग्न झालं. मेमे शेरबच्या नातवाचं. वरात नवरीला घेऊन शेजारच्या गावाहून गोठलेल्या नदीवरून चालत आली. पहाटेच प्रत्येक धाब्यावर माणूस होता, फावडं घेऊन, वाट मोकळी करायला. या छतावरून त्या छतावर हाका, शिव्या, हसणं चाललं होतं. नगारा वाजायला लागला, तो समोरच्या कड्यावर आदळून परत येत होता. यांगझोम आपल्या छतावर उभी होती, डोक्याला नवा रुमाल, हातात फावडं.

"ए, तंडुप आचो!" ती ओरडली. "बर्फ तुझ्या बाजूला लोट, माझ्या नको! आणि लवकर कर, नवरी आली!"

पलीकडून, मोठ्या घराच्या धाब्यावरून, तंडुपने काहीतरी उत्तर दिलं, पण नगाऱ्यात ते ऐकू आलं नाही.